जुन्या ऑर्गनचा श्वास

(धर्मग्रामाच्या शतकमहोत्सवी सप्ताहात प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आम्हांस "पवित्र संगीत" ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय सागरासारखा विस्तीर्ण आणि आमचे पात्र लहान. म्हणून त्यातील ओंजळभर पाणीच आज आपल्यापुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे. गायनाविषयी आम्ही बोलणार नाही, सुरांविषयीही फारसे बोलणार नाही. ज्याच्या बळावर सूर निघतो त्या वाऱ्याविषयी, आणि तो वारा साठवून ठेवणाऱ्या लाकडाच्या व चामड्याच्या कोशाविषयी आम्ही बोलणार आहोत. विषय ऐकून कोणास हसू येईल. परंतु आपल्या देवळाच्या कोरावर जी जुनी पायपेटी आज कित्येक वर्षे मुकी उभी आहे, तिचे काय करावे हा प्रश्न येत्या रविवारी सभेपुढे यावयाचा आहे. त्यापूर्वी आपण ही हकीकत ऐकावी अशी आमची मनापासून इच्छा आहे.

पाईप ऑर्गन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला नसेल. मुंबईस कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये जे गेले आहेत, त्यांनी त्याच्या उंच नळ्यांची रांग पाहिली असेल. प्रत्येक नळी म्हणजे एक बासरीच होय, आणि एका ऑर्गनमध्ये अशा शेकडो, कधी हजारो नळ्या असतात. वादक पट्टी दाबतो, तिच्या योगाने खालची एक लहान झडप उघडते, वारा नळीत शिरतो आणि ती बोलू लागते. बासरी वाजविणाऱ्याच्या छातीत जसा श्वास साठविलेला असतो, तसा ऑर्गनच्या पोटात वाऱ्याचा साठा असतो. ह्या साठ्याच्या जागेस आम्ही वायुकोश म्हणू.

आता कोणी विचारील की, भाता असता कोश कशास हवा? त्याचे उत्तर लोहाराच्या दुकानात सापडते. एकच भाता चालविला तर हवा धापा टाकीत येते. भाता दाबला की ज्वाळा उसळते, उचलला की ती खाली बसते. निखाऱ्यांस ही धाप चालते; सुरास ती चालत नाही. वारा कमी झाला की नळीचा सूर उतरतो आणि तिचा आवाज रडवेला होतो. वारा वाढला की सूर चढतो व कर्कश होतो. म्हणून भात्याचा वारा थेट नळ्यांस न देता आधी मोठ्या कोशात घ्यावयाचा आणि तेथून एकसारख्या दाबाने पुढे सोडावयाचा. विहिरीवरील पंपाचे पाणी आपण आधी टाकीत घेतो आणि मग नळास सोडतो, तसाच हा प्रकार आहे.

ही युक्ती फार पुरातन आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत क्टेसिबिअस नावाचा एक कल्पक यंत्रज्ञ होऊन गेला. त्याने जे वाद्य रचिले त्यात हवा पाण्यात पालथ्या घातलेल्या पात्रात कोंडलेली असे, आणि पाण्याच्या भाराने तिचा दाब स्थिर राहत असे. पुढे पाणी गेले आणि चामड्याचे भाते आले. इ. स. ७५७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने फ्रँक लोकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन भेट म्हणून पाठविला, आणि त्यानंतरच्या शतकांत हे राजदरबारचे वाद्य पश्चिमेकडील मठांत व देवळांत येऊन स्थिरावले. इंग्लंडातील विंचेस्टर येथील मठात दहाव्या शतकाच्या अखेरीस जो ऑर्गन होता, त्यास २६ भाते व ४०० नळ्या असून तो फुंकण्यास ७० माणसे लागत, असे तेथील एका संन्यासी कवीने लिहून ठेविले आहे. कवीची वाणी म्हणून त्यातील काही भाग आपण वजा करू. तरीही घाम पुष्कळांचा गळत असला पाहिजे. जर्मनीतील हाल्बरस्टाट येथील कॅथेड्रलच्या जुन्या ऑर्गनला २० भाते होते आणि ते १० माणसे पायांनी तुडवीत, अशी नोंद प्रेटोरियस ह्या ग्रंथकाराने सतराव्या शतकात केली आहे. वेदीपुढे बसलेल्या भाविकांस नळ्यांचा घोष ऐकू येई. ह्या दहाजणांचे पाय मात्र कोणास दिसत नसत.

योहान सेबास्टियन बाख हा थोर संगीतकार लुथरन पंथाचा होता, परंतु त्याची एक आठवण येथे सांगण्याजोगी आहे. नव्या ऑर्गनची परीक्षा करण्यास त्यास दूरदूरची बोलावणी येत. त्याच्या पुत्राने १७७४ साली एका पत्रात लिहिले आहे की, परीक्षेस बसला म्हणजे आपला पिता सर्वप्रथम वाद्याचे सगळे आवाज एकदम खुले करून सर्व बळानिशी वाजवीत असे. कारण ह्या वाद्याची फुप्फुसे बळकट आहेत की नाहीत हे त्यास आधी पाहावयाचे असे. सुरांची गोडी मागाहून, श्वास आधी. ऑर्गनच्या सर्व विद्येचे सार आम्हांस ह्या एका गोष्टीत दिसते.

आता आमच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही उच्च अभ्यासासाठी रोम येथे होतो. उन्हाळ्याच्या सुटीत इंग्लंडच्या उत्तर भागातील एका लहानशा कॅथलिक धर्मग्रामात, तेथील वृद्ध धर्मगुरूंच्या जागी, दोन महिने मिस्सा अर्पण करण्याचे काम आमच्याकडे आले. त्या देवळात एकोणिसाव्या शतकातील एक मध्यम आकाराचा ऑर्गन होता. आम्ही गेलो तेव्हा तो आजारी होता. पहिले गीत कसेबसे पार पडे. दुसऱ्या गीतात सूर खाली घसरत, आणि मोठा आवाज खुला केला की पोटातून सापासारखा फूत्कार ऐकू येई. काही धर्मग्रामस्थांचे म्हणणे होते की, ह्याचे आयुष्य संपले, आता हा काढून टाकावा. परंतु एका वृद्ध कारागिरास बोलावणे गेले. त्यांनी एकही नळी तपासली नाही. दिवा हाती घेऊन ते वाद्याच्या तळाशी शिरले, अर्ध्या घटकेने धुळीने माखून बाहेर आले आणि म्हणाले की, ह्याचा गळा उत्तम आहे, फक्त छाती फाटली आहे.

पुढील कित्येक दिवस सकाळची मिस्सा आटोपली की आम्ही त्यांच्या कामाजवळ जाऊन बसत असू. त्यांनी जे दाखविले ते आपणांस थोडक्यात सांगतो.

वायुकोश म्हणजे एक भली मोठी, मिटणारी व उघडणारी पेटी होय. तळास एक फळी, माथ्यास एक फळी, आणि दोहोंच्या मध्ये पातळ लाकडाच्या फासळ्यांच्या दोन घड्या. फासळ्या एकमेकींस चामड्याच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, आणि चारही कोपऱ्यांवर मऊ चामड्याचे त्रिकोणी तुकडे बसविलेले असतात. त्याखाली वारा भरणारे लहान भाते असत; ते एक मनुष्य दांड्याने हालवीत असे. आता बहुतेक ठिकाणी ते काम विजेचा पंखा करितो. कोश भरला की माथ्याची फळी वर उचलली जाते, वारा खर्च झाला की ती खाली येते.

वरची घडी एका बाजूस वळते आणि खालची तिच्या उलट, हे पाहून आम्ही त्याचे कारण विचारले. ते म्हणाले की, कोश खाली येताना फासळ्यांचा कल पालटतो आणि त्यामुळे दाबही थोडा पालटतो. बाहेर वळणारी घडी दाबास एकीकडे ओढते, आत वळणारी दुसरीकडे. म्हणून एक बाहेर व एक आत अशी योजना केली की दोघींचे दोष परस्परांस खोडून काढतात आणि दाब आरंभापासून अखेरपर्यंत सारखा राहतो. अठराव्या शतकात ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने काढिली असे मानतात. आम्ही मनात म्हटले, एकाच घरात दोन स्वभावांची माणसे प्रभूने का ठेविली असतील, ह्याचे एक उत्तर येथे मिळाले.

दाब उत्पन्न होतो तो माथ्यावर ठेविलेल्या वजनांनी. तो मोजण्याचे साधन अगदी साधे आहे: वाकविलेल्या काचेच्या नळीत पाणी घालावयाचे, एक तोंड वाऱ्यास जोडावयाचे, आणि पाणी किती चढले ते पाहावयाचे. त्या ऑर्गनचा मूळ दाब ३ इंच, म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर पाण्याइतका होता. हा दाब किती सौम्य! लहान मुलाने नळीत फुंकले तरी पाणी ह्याहून अधिक चढेल. परंतु हाच सौम्य दाब एका चौरस मीटरवर ७५ किलो भार उचलून धरितो. अडीच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद कोशावर म्हणून सुमारे २८० किलो भार असावा लागतो. म्हणजे पन्नास किलोच्या साडेपाच पोत्यांहून अधिक तांदूळ! एवढे ओझे केवळ हवेवर तरंगत असते, आणि वादकाने पट्टी दाबली की ते केसभर खाली सरकते.

त्या कोशावर मूळच्या लोखंडी वजनांखेरीज आठ-दहा विटा सापडल्या. वारा गळू लागला तेव्हा कोणी तरी, भार वाढविला म्हणजे आवाज सुधारेल, अशा समजुतीने त्या तेथे रचिल्या होत्या. त्यामुळे सूर तेवढा चढला आणि फाटकी जागा अधिकच फाटली. कारागिरांनी विटा उतरवून एका कोपऱ्यात ठेविल्या, आणि मूळची वजने मात्र एकेक करून तोलून त्यांवर अंक घातले. प्रत्येक नळीचा आवाज पूर्वजांनी त्याच दाबावर बसविलेला असतो. तो दाब बदलणे म्हणजे गाणाऱ्याचा गळा बदलणे होय, असे ते म्हणत.

मग चामडे उलगडावयास आरंभ झाला. वनस्पतींच्या सालीने कमावलेले जुने चामडे कोळशाच्या व दिव्यांच्या धुरातील गंधकाने कुजते. बोटाने घासले की त्याची तांबडी भुकटी होते. पण पहिले छिद्र पडते ते बहुधा कोपऱ्यांवर. सरळ बाजूची पट्टी एकाच दिशेने वाकते; कोपऱ्याचा तुकडा मात्र वर, खाली, आत आणि बाहेर असा सर्व बाजूंनी वाकतो. दोन बाजूंस एकत्र धरून ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते, म्हणून तोच सर्वांआधी झिजतो. बंधुभगिनींनो, आपापल्या घरात सर्वांत अधिक कोण वाकत असते, आणि दोन भावांना एकत्र धरून ठेवताना कोण झिजत असते, ह्याचा विचार आपण घरी गेल्यावर करावा. तो कोपरा फाटेपर्यंत त्याची आठवण आपल्यापैकी किती जणांना होते?

चामड्याखालचा सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ पडला की जुनी पट्टी अलगद निघे. एका बाजूस मात्र ती निघेना. पूर्वीच्या कोणा दुरुस्ती करणाराने तेथे चामड्याऐवजी रबर लाविलेले कापड आणि सरसाऐवजी कारखान्यातील कृत्रिम गोंद वापरिला होता. काम झटपट झाले असेल, खर्चही वाचला असेल. परंतु रबर काही दशकांतच कडक होऊन तडकले. आणि त्या गोंदाने लाकडाची छिद्रे अशी भरली होती की त्यावर सरस धरीना. शेवटी रंधा घेऊन लाकूडच तासावे लागले. त्या फळीची जाडी थोडी कमी झाली ती कायमचीच.

त्या वेळी ते वृद्ध गृहस्थ जे बोलले ते आम्ही आमच्या टिपणवहीत उतरून ठेविले आहे. ते म्हणाले, "फादर, चामडे मरणारच आहे. माझे कामही एक दिवस फाटणार आहे. चांगला कारागीर कायमचे चिकटवीत नाही. पुढच्या माणसास सोडविता येईल असे चिकटवितो." जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस पाण्याने व उष्णतेने पुन्हा सुटतो, हा त्याचा दोष नसून गुण आहे. तो पाण्यात ठेविलेल्या दुसऱ्या भांड्यात सुमारे ६० अंश सेल्सिअसवर पातळ करावयाचा. उकळू दिला तर त्याचे बळ जाते. तुरटीने कमावलेले पांढरे मेंढीचे कातडे घ्यावयाचे, त्याच्या कडा सुरीने कागदाइतक्या पातळ करावयाच्या, सरस लावून ते गरम असतानाच बसवावयाचे आणि ओल्या फडक्याने दाबून पुसावयाचे. फासळ्यांतील चिरा भरून त्यांवर तागाच्या कापडाच्या पट्ट्या लावावयाच्या. कोपऱ्याचा तुकडा तर कोश पूर्ण उघडून, पूर्ण मिटून, पुनःपुन्हा पाहूनच कापावयाचा. तो घट्ट झाला तर फाटतो, सैल झाला तर फुगतो. अठराव्या शतकात दों बेदो द सेल ह्या फ्रेंच बेनेडिक्टाईन संन्याशाने ऑर्गन बांधण्याच्या कलेवर १७६६ ते १७७८ ह्या काळात जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात भात्यांची कृती सचित्र दिलेली आहे. आजचे कारागीरही तो उघडून पाहतात. मठातील प्रार्थनेच्या घंटांमधून सरस आणि चामड्याविषयी लिहिणे हे त्या संन्याशास कमीपणाचे वाटले नाही.

कोशाची माथ्याची फळी उलटी केली तेव्हा तिच्या आतल्या अंगास पेन्सिलीने लिहिलेली एक तारीख दिसली. साल १९२१ होते, आणि खाली दोघांच्या नावांची आद्याक्षरे. एवढी वर्षे त्या अक्षरांवर उजेड पडला नव्हता. देवळात त्या दोघांच्या नावाची पाटी नाही, दात्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही. तथापि तेथे झालेली प्रत्येक लग्नाची व प्रेतविधीची मिस्सा त्यांच्या शिवणीतून वाहिलेल्या वाऱ्यावर गायिली गेली होती. कारागिरांनी आम्हांस एक कोपरा चिकटवू दिला. तो त्यांस पसंत पडला नाही. त्यांनी तो सोडवून पुन्हा चिकटवावयास लाविले. नंतर आम्ही त्या आद्याक्षरांखाली त्या दिवसाची तारीख आपल्या देवनागरी अंकांत लिहिली. पुढे कधी तो कोश उघडणारास ती अक्षरे लागणार नाहीत कदाचित, परंतु कोणी तरी दूरदेशीचा येथे हात लावून गेला एवढे त्यास कळेल.

कोश मिटवून परीक्षा झाली. कामापूर्वी तो भरून पंखा बंद केला तर आम्ही पंधरा अंक मोजीपर्यंत खाली बसे. आता आम्ही एक "हे आमच्या बापा" आणि दहा "नमो मारिया" संपविले तरी फळी सावकाश, जड पक्ष्यासारखी उतरतच होती. मूळची वजने मोजून परत ठेविली. पाणी नेमके जुन्या खुणेवर येऊन थांबले. विटा त्या कोपऱ्यातच राहिल्या. रविवारी ऑर्गन वाजला तेव्हा एक आजीबाई आम्हांस म्हणाल्या की, नव्या नळ्या फार गोड आहेत. एकही नळी बदललेली नव्हती.

त्या क्षणी यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टांताची आम्हांस आठवण झाली. खोऱ्यातील वाळलेली हाडे एकमेकांस येऊन मिळाली, त्यांवर स्नायू चढले, मांस व कातडी आली; तरी ती प्रेतेच राहिली, कारण त्यांत श्वास नव्हता. मग चारही दिशांकडून वारा आला आणि ती उभी राहिली. इब्री भाषेत वारा, श्वास आणि आत्मा ह्यांस एकच शब्द आहे, हे आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र आम्हांस त्या धुळीच्या तळघरात, सरसाच्या वासात कळला.

आणि त्याच क्षणी आमच्या मनास एक जुनी टोचणीही लागली. ती आज आपल्यापुढे उघड करावयाची आहे.

त्या प्रवासाच्या काही वर्षे आधी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तेथे कोरावर एक पायपेटी होती. ती पाईप ऑर्गन नव्हे. तिच्यात नळ्या नसून पितळेच्या जिभा असतात. पण श्वासाची रचना त्याच कुळातील: पायांनी चालणारे भाते, आणि आत स्प्रिंगांनी दाबलेला साठ्याचा भाता. ती धापा टाकू लागली होती. वयाच्या उत्साहात आम्ही ठरविले की, ही अडगळ दूर करावी. भंगारवाल्याने पितळेच्या भावाने सातशे रुपये दिले. चौघे हमाल तिला जिन्यावरून उतरवीत होते तेव्हा तेथील वृद्ध पेटीमास्तर दार धरून उभे होते. ज्या पेटीवर त्यांनी चाळीस वर्षे मिस्सा वाजविली ती हातगाडीवर चढली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "फादर, तिचा फक्त भाता गेला होता."

आम्ही ते ऐकिले, परंतु त्याचा अर्थ विचारला नाही. इंग्लंडातील तो कोश उघडलेला पाहिला तेव्हा अर्थ समजला. परत आल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो, तो त्यांचे निधन होऊन वर्ष लोटले होते. दोन-चार कातड्यांच्या पट्ट्या, थोडा सरस आणि एका मनुष्याचे दहा-पंधरा दिवस, एवढ्यासाठी आम्ही त्यांचे वाद्य भंगारात घातले. ही चूक दुसऱ्या कोणाची नव्हती; ती आमचीच होती.

कोणी म्हणेल, आपली हवा दमट, पावसाळा चार महिन्यांचा, वाळवी व उंदीर आहेतच. युरोपातील चामडे येथे टिकणार कसे? शंका रास्त आहे. दमटपणाने सरस मऊ पडतो आणि चामड्यास बुरशी येते. म्हणून येथे डोळ्यांत तेल घालून पाहणी हवी. परंतु फिलिपाईन्स देशातील लास पिन्यास येथील संत योसेफाच्या देवळाकडे पाहा. तेथील हवाही उष्ण व दमट, शिवाय वादळे आणि भूकंप. दियेगो सेरा नावाच्या संन्यासी धर्मगुरूंनी तेथे १८१६ साली चक्क बांबूच्या नळ्यांचा ऑर्गन बांधावयास घेतला आणि १८२४ साली पुरा केला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. निसर्गाच्या तडाख्यांनी तो दीर्घकाळ निकामी होता. तेथील लोकांनी तो फेकून दिला नाही. १९७३ साली तो सुटा करून जर्मनीतील बॉन येथे धाडिला, आणि १९७५ साली दुरुस्त होऊन आलेला ऑर्गन पुन्हा देवळात उभा केला. अवघड हवेत वाद्य जगते ते त्याच्यावर माया करणारी माणसे असल्यामुळे.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलची आगही आपल्या स्मरणात असेल. १५ एप्रिल २०१९ रोजी छत कोसळले, तरी तेथील जवळजवळ ८००० नळ्यांचा महान ऑर्गन ज्वाळांतून वाचला. पण वितळलेल्या छताच्या शिशाची धूळ त्याच्या अंगोपांगी बसली होती. २०२० साली तो उतरविण्यात आला, स्वच्छ होऊन परत चढला, आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रलची दारे उघडली तेव्हा महागुरुस्वामींनी त्यास आठ वेळा साद घातली व आठही वेळा त्याने उत्तर दिले. पाच वर्षे मुक्या राहिलेल्या वाद्यास जागे करावयास ख्रिस्तसभेजवळ स्वतंत्र विधी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. एका उदार कुटुंबाने महोत्सवानिमित्त नवे विजेचे वाद्य देऊ केले आहे. त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानितो आणि ते वाद्य आनंदाने स्वीकारितो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पाईप ऑर्गनचा मोठा गौरव केला, तसेच उपासनेस शोभणाऱ्या इतर वाद्यांसही दार उघडे ठेविले. तरुणांच्या हाती नवे वाद्य असावे. आमचे म्हणणे एवढेच की, नव्यास जागा हवी म्हणून जुन्यास जिन्यावरून उतरविण्यापूर्वी एकदा तिची मागची फळी उघडून पाहावी. तिच्या जिभा शाबूत आहेत की नाहीत, भाता कोठे फाटला आहे, आतल्या लाकडास वाळवी लागली आहे काय, हे जाणत्या कारागिराकडून समजून घ्यावे. लाकूडच मेले असेल तर आम्ही हट्ट धरणार नाही; तिला नमस्कार करून निरोप देऊ. परंतु केवळ श्वास कोंडला असेल, तर तो मोकळा करणे हे आपले कर्तव्य आहे. आणि दुरुस्ती होईल ती सरसाने व्हावी, म्हणजे आपल्या नातवंडांस ती पुन्हा उघडता येईल.

ह्या शंभर वर्षांत आपल्या देवळात ज्यांचा आवाज ऐकू आला त्यांची नावे ह्या स्मरणिकेत छापली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण पहाटे काळोखात घंटा वाजविणारे, वेदीची वस्त्रे धुणाऱ्या बाया, निजण्यापूर्वी नातवंडांकडून प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या आज्या, आणि त्या पायपेटीवर उन्हाळ्यात घामाने भिजत पाय चालविणारे पेटीमास्तर, ह्यांनीच ह्या धर्मग्रामाचा वायुकोश भरला. आपण आज गातो ते त्यांच्या साठविलेल्या श्वासावर. तो साठा काही अक्षय नाही. कोणी तरी आता पाय चालविले पाहिजेत.

रविवारच्या सभेत आपण जो निर्णय घ्याल तो आम्हांस मान्य राहील. मात्र त्याआधी शनिवारी सायंकाळच्या तेर्सानंतर आम्ही दिवा घेऊन कोरावर जाणार आहोत आणि पेटीची मागची फळी उघडणार आहोत. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी यावे. सुतारकाम जाणणाऱ्यांनी अवश्य यावे, आणि मुलांना बरोबर आणावे.

सर्वांस श्वास देणारा पवित्र आत्मा आपल्या कुटुंबांवर व ह्या धर्मग्रामावर सदैव राहो. आमेन.